व्हीएलसी तोच, पण तुमच्या लिनक्सवरचा कोणी बनवलाय?

२०२५च्या मध्यात आर्च लिनक्स वापरणाऱ्या बऱ्याच जणांनी नेहमीसारखी सिस्टिम अपडेट केली, नंतर व्हीएलसीमध्ये सिनेमा लावला, आणि काहीच चालेना. प्लेअर उघडतोय, नारंगी कोन दिसतोय, मेनू जागच्या जागी आहेत, पण साधी एच.२६४ची फाइल डीकोड होत नाही. 'काहीही टाका, चालवतो' अशी ज्या प्लेअरची ख्याती, त्याची ही अवस्था. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

गंमत म्हणजे व्हीएलसी बिघडलाच नव्हता. तो बनवणाऱ्या फ्रान्समधल्या व्हिडिओलॅन संस्थेने काहीही मोडलं नव्हतं. बदललं होतं ते आर्चचं पॅकेज. आणि लिनक्सवर व्हिडिओ बघणाऱ्या प्रत्येकाने हे 'पॅकेज' प्रकरण एकदा तरी नीट समजून घ्यायला हवं, असं मला वाटतं. कारण सिनेमा न चालणं हा त्यातला सगळ्यात किरकोळ त्रास आहे. सुरक्षेची दुरुस्ती तयार असूनही तुमच्या मशीनपर्यंत न पोहोचणं हा खरा त्रास, आणि तो गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या रूपांत समोर आलाय.

आधी आर्चचं काय झालं ते संपवू. व्हीएलसी हा आतून एक छोटासा गाभा आणि त्याभोवती शेकडो प्लगिन्स असा आहे. फाइल उघडणं, एमकेव्हीचा डबा सोडवणं, व्हिडिओ डीकोड करणं, सबटायटल दाखवणं, आवाज साउंड कार्डापर्यंत नेणं, प्रत्येक कामाला वेगळं प्लगिन. यातली बरीचशी प्लगिन्स बाहेरच्या कुठल्या ना कुठल्या लायब्ररीवर अवलंबून असतात. आर्चमध्ये आधी जवळपास सगळी प्लगिन्स एकाच पॅकेजमध्ये यायची आणि त्यांना लागणाऱ्या अनेक लायब्रऱ्या 'हव्या तर घ्या' अशा यादीत असायच्या. म्हणजे प्लगिन डिस्कवर आहे, पण त्याला लागणारी लायब्ररी नाही, असा अर्धवट संसार. तो सुधारण्यासाठी प्लगिन्सची वेगवेगळी पॅकेजेस केली, म्हणजे प्रत्येक प्लगिन आपल्याला लागणारी लायब्ररी सोबत घेऊनच येईल. तांत्रिकदृष्ट्या निर्णय अगदी बरोबर.

फक्त एक झालं. आर्चचा पॅकमॅन ऐच्छिक पॅकेजेस आपणहून टाकत नाही, नुसती यादी दाखवतो. अपडेटच्या वेळी स्क्रीनवरून शंभर ओळी सरकत असताना ती यादी वाचतं कोण? त्यामुळे प्लेअर आला आणि व्हिडिओ डीकोड करणारं एफएफएमपेगचं प्लगिन मागे राहिलं. उपाय एका ओळीचा होता: 'व्हीएलसी-प्लगिन्स-ऑल' हे पॅकेज टाका, सगळं परत येतं. पण ते माहीत होईपर्यंत लोकांनी व्हीएलसीच्या नावाने बोटं मोडली.

डेबियनमध्ये व्हीएलसीचे तुकडे कितीतरी वर्षांपासून आहेत, पण तिथे असा गोंधळ झाला नाही. डेबियनच्या पॅकेजमध्ये 'आवश्यक' आणि 'ऐच्छिक' यांच्या मधली एक पायरी आहे, 'शिफारस'. शिफारस केलेली पॅकेजेस ॲप्ट स्वतःहून टाकतो, तुम्ही मुद्दाम नाही म्हटलं तरच वगळतो. व्हीएलसीचे सगळे भाषांतरित मेनू, मराठीसकट, 'व्हीएलसी-एल१०एन' नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात आणि ते शिफारशीच्या यादीत आहे. जागा वाचवायला शिफारशी बंद करून कोणी व्हीएलसी टाकला, तर प्लेअर इंग्रजीच राहतो आणि माणूस समजतो की यात मराठी नाहीच. भाषांतर करणाऱ्याने काम केलेलं असतं, मधल्या एका पर्यायाने ते तुमच्यापर्यंत येत नाही. हा 'मधला' माणूस म्हणजेच पॅकेजर.

मधला माणूस नेमकं करतो काय?

विंडोजवर आपण व्हीएलसीच्या साइटवरून इन्स्टॉलर घेतो आणि विषय संपतो. आत जे आहे ते सगळं व्हिडिओलॅनने निवडून, तपासून भरलेलं असतं. लिनक्सवर डेबियन, फेडोरा, उबुंटू, आर्च या प्रत्येक डिस्ट्रोचे पॅकेजर मूळ सोर्स कोड घेतात आणि स्वतः कंपाइल करतात. कंपाइल करताना कुठली प्लगिन्स चालू ठेवायची, कुठली बंद, हे ते ठरवतात. सोबतच्या लायब्रऱ्यांची कुठली आवृत्ती जोडायची हेही तेच ठरवतात. गरज पडली तर मूळ कोडवर स्वतःचे पॅच लावतात, मग सही करून रेपॉझिटरीत, म्हणजे डिस्ट्रोच्या भांडारात ठेवतात. तुम्ही 'ॲप्ट इन्स्टॉल' म्हणता तेव्हा तुम्हाला मिळतो तो या माणसाने शिजवलेला व्हीएलसी. बहुतेक जण हे काम फुकट, रात्री-बेरात्री, आपली नोकरी सांभाळून करतात, हे इथेच सांगून ठेवतो. पुढे बरीच टीका येणार आहे.

टेक्स्ट एडिटर पॅकेज करणं त्यामानाने सोपं. मीडिया प्लेअर हा पॅकेजरसाठी सगळ्यात त्रासदायक प्रकारांपैकी एक, कारण त्यात तीन भानगडी एकत्र येतात. अवलंबून असलेल्या लायब्रऱ्यांची रांग मारुतीच्या शेपटासारखी. त्यातल्या अर्ध्या फॉरमॅट्सवर कोणाची ना कोणाची पेटंट्स. आणि प्लेअरचं कामच मुळी कुठून तरी आलेली, कोणीतरी पाठवलेली फाइल उघडून तिच्यातला प्रत्येक बाइट वाचायचं. हल्लेखोराला याहून सोयीचं दार कुठलं?

लायब्रऱ्यांचं एकच उदाहरण बघा. व्हीएलसीची ३.० ही मालिका फेब्रुवारी २०१८मध्ये आली आणि इतक्या वर्षांनंतरही तीच चालू आहे. व्हिडिओ डीकोड करणारी एफएफएमपेग लायब्ररी मात्र या काळात धावत पुढे गेली, जुनी फंक्शन्स काढली, नवी आणली. आता पॅकेजरपुढे पर्याय दोनच: व्हीएलसीला पॅच लावून नव्या एफएफएमपेगशी जुळवून घ्या, नाहीतर एफएफएमपेगची जुनी आवृत्ती फक्त व्हीएलसीसाठी बाजूला सांभाळून ठेवा. आर्चने दुसरा मार्ग घेतला आणि ४.४ ही जुनी शाखा वेगळं पॅकेज म्हणून ठेवली. म्हणजे त्याच मशीनवर दुसरा एखादा प्लेअर तीच फाइल नव्या एफएफएमपेगने उघडतो आणि व्हीएलसी जुन्या. दोन्हींत सापडणारी भोकं वेगळी, त्यांच्या दुरुस्त्यांचं वेळापत्रक वेगळं.

पॅकेजरच्या हातात किती ताकद असते हे बघायचं तर याच एफएफएमपेगचा जुना किस्सा आठवावा लागतो. २०११मध्ये एफएफएमपेगच्या टीममध्ये फूट पडली आणि 'लिबएव्ही' हा नवा प्रकल्प निघाला. डेबियन आणि उबुंटूने लिबएव्हीची बाजू घेतली. मग बरीच वर्षं या डिस्ट्रोंवर 'एफएफएमपेग' ही कमांड चालवली की लिबएव्हीचा प्रोग्राम चालायचा आणि वर सूचना यायची की हा प्रोग्राम आता कालबाह्य आहे, 'एव्हीकॉन्व्ह' वापरा. सूचनेचा अर्थ एवढाच होता की या पॅकेजमधली या नावाची कमांड जुनी झाली. पण वाचणाऱ्याने घेतलेला अर्थ, एफएफएमपेग प्रकल्पच बंद पडला! तो तर जोरात चालू होता. शेवटी २०१५मध्ये डेबियनने परत एफएफएमपेगकडे वळायचं ठरवलं आणि आज लिबएव्हीचं नावही फार कोणी घेत नाही. एका ओळीच्या मेसेजने एका जिवंत प्रकल्पाला वर्षानुवर्षं 'कै.' लावून ठेवलं होतं.

२०१९: चोर सोडून संन्याशाला फाशी

जुलै २०१९मध्ये बातमी आली की व्हीएलसीमध्ये भयंकर भोक सापडलंय, ताबडतोब काढून टाका. जर्मनीच्या सर्ट-बुंद या सरकारी यंत्रणेने इशारा दिला होता, सीव्हीई-२०१९-१३६१५ असा क्रमांक पडला होता आणि गांभीर्य दहापैकी ९.८. जगभरच्या टेक साइट्सनी मथळे सजवले.

व्हिडिओलॅनच्या लोकांनी तपासलं तर त्यांच्याकडे ते घडेचना. दिलेल्या फाइलने व्हीएलसी कोसळतच नव्हता. मग उलगडा झाला. भोक व्हीएलसीमध्ये नव्हतं, एमकेव्ही फाइल वाचायला लागणाऱ्या 'लिबईबीएमएल' या बाहेरच्या लायब्ररीत होतं. आणि त्या लायब्ररीत ते सोळा महिन्यांहून आधीच दुरुस्त झालं होतं. व्हिडिओलॅन स्वतः जो व्हीएलसी वाटतं, त्यात ३.०.३पासून दुरुस्त लायब्ररी होती. ज्याने तक्रार केली तो उबुंटू १८.०४ वापरत होता आणि तिथल्या भांडारात लिबईबीएमएलची जुनीच आवृत्ती पडून होती. नंतर गांभीर्याचा आकडा ९.८वरून ५.५वर आला, पण मथळे जिथे पोहोचायचे तिथे पोहोचले होते.

ही गोष्ट बहुतेक वेळा 'पत्रकारांनी नीट चौकशी केली नाही' असा शेवट करून सांगितली जाते. खरंय ते. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. बातमी चुकीची होती, उबुंटू १८.०४ वापरणाऱ्याचा धोका मात्र खरा होता! दुरुस्ती सोळा महिने जगात होती आणि त्या मशीनवर नव्हती. व्हिडिओलॅन म्हणणार, आमचा दोष नाही. लायब्ररीचा लेखक म्हणणार, मी तर कधीच दुरुस्त केलं. दोघंही खरं बोलतायत. मग उरतो तो डिस्ट्रोचा पॅकेजर.

इथे उबुंटूची एक व्यवस्था माहीत असायला हवी, जी वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. उबुंटूच्या भांडाराचे भाग आहेत. 'मेन' या भागाची सुरक्षा कॅनॉनिकल कंपनी सांभाळते. 'युनिव्हर्स' हा भाग डेबियनकडून आलेला, समुदायाच्या भरवशावर चालणारा. व्हीएलसी युनिव्हर्समध्ये आहे. त्यामुळे 'पाच वर्षांचा सपोर्ट' हे शब्द वाचून आपण निश्चिंत होतो, पण ते आश्वासन मुळात मेनसाठी असतं. युनिव्हर्समधल्या पॅकेजेसना कॅनॉनिकलकडून सुरक्षा अपडेट्स हवी असतील तर उबुंटू प्रो चालू करावं लागतं. वैयक्तिक वापरासाठी पाच मशीन्सपर्यंत ते फुकट आहे, पण खातं उघडून जोडायचं कोणी? शाळेच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत, घरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलेलं असतं, तिथे हे कोणी करत नाही.

डेबियनने व्हीएलसीच्या बाबतीत वेगळी वाट काढलीय. स्थिर आवृत्तीत नवं काही येऊ द्यायचं नाही, फक्त दुरुस्तीचा तेवढा पॅच जुन्या कोडवर लावायचा, हा डेबियनचा एरवीचा बाणा. व्हीएलसीसाठी मात्र ते ३.० मालिकेतली नवी छोटी आवृत्ती जशीच्या तशी स्थिर डेबियनला सुरक्षा अपडेट म्हणून देतात. नियमाला मुरड घातली, पण लोक सुरक्षित राहिले. मला विचाराल तर मीडिया प्लेअरसाठी हाच शहाणपणा आहे.

२०२५: पॅच फेब्रुवारीत, अपडेट मात्र कुठेय?

फेडोराची अडचण आणखी वेगळी आहे आणि ती तांत्रिक कमी, कायदेशीर जास्त. फेडोराच्या मागे रेड हॅट ही अमेरिकन कंपनी उभी आहे. अमेरिकेत सॉफ्टवेअरवर पेटंट मिळतं आणि कोडेक्सच्या पेटंटवाल्यांना वकील परवडतात. म्हणून एमपी३सारखी गोष्टसुद्धा फेडोराच्या भांडारात २०१६च्या अखेरीस आली, तीही आधी फक्त ऐकण्यापुरती. एमपी३ बनवायची सोय २०१७मध्ये, पेटंटची मुदत सरल्यावर. बाकीचं सगळं 'आरपीएम फ्यूजन' या स्वतंत्र भांडारातून घ्यायचं, ही फेडोरावाल्यांची जुनी सवय. व्हीएलसीसुद्धा वर्षानुवर्षं तिथूनच यायचा. आता तो फेडोराच्या स्वतःच्या भांडारात आहे, पण पेटंटची धास्ती असलेली प्लगिन्स अजून आरपीएम फ्यूजनकडेच.

सप्टेंबर २०२२मध्ये फेडोराने आणखी एक पाऊल मागे घेतलं. ग्राफिक्स चिपच्या मदतीने एच.२६४ आणि एच.२६५ व्हिडिओ डीकोड करायची सोय मेसा या ड्रायव्हर संचातून काढून टाकली. एएमडीच्या चिपवाल्यांना याचा थेट फटका बसला. हार्डवेअरचे पैसे तुम्ही भरलेत, चिपमध्ये ती क्षमता आहे, तरी व्हिडिओचं ओझं सीपीयूवर, पंखा घुं-घुं करतोय आणि बॅटरी उतरतेय. उपाय पुन्हा आरपीएम फ्यूजन. आपल्याकडच्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं की निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाही. 'निव्वळ' म्हणजे काय यावर कोर्टात खल होत असतो, ते असो. पण नागपुरातल्या लॅपटॉपवर काय चालणार हे इथल्या कायद्याने ठरत नाही, पॅकेजरची कंपनी ज्या देशात आहे तिथल्या कायद्याने ठरतं.

आता एच.२६४शिवाय तर आजकाल पान हलत नाही. त्यावर २०१३मध्ये सिस्कोने एक तोडगा काढला होता. सिस्कोने 'ओपनएच२६४' नावाचा कोडेक खुला केला आणि सांगितलं की पेटंटची रॉयल्टी आम्ही भरतो. अट एवढीच, की रॉयल्टीचं छत्र हवं असेल तर तयार बायनरी आमच्याच सर्व्हरवरून उतरवायची. सोर्स सगळ्यांना खुला, पण तुम्ही स्वतः कंपाइल करून वाटलीत तर रॉयल्टी तुमची तुम्ही बघा.

मग फेडोराने असा मार्ग बसवला: पॅकेज फेडोराच्या यंत्रणेत बनवायचं, सही करायची, सिस्कोकडे पाठवायचं, सिस्को ते आपल्या सर्व्हरवर ठेवणार, आणि तुमचा फेडोरा तिथून उतरवणार. वऱ्हाड पुण्याचं, लग्न पुण्यात, आणि जायचं मात्र नाशिकवरून! पण कायद्याला हेच मान्य.

फेब्रुवारी २०२५मध्ये ओपनएच२६४मध्ये गंभीर भोक जाहीर झालं, सीव्हीई-२०२५-२७०९१. मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ डीकोड करताना मेमरीची मर्यादा ओलांडली जाते, त्यातून प्रोग्राम कोसळू शकतो किंवा हल्लेखोराला आपला कोड घुसवता येऊ शकतो. २.५.० आणि त्याआधीच्या आवृत्त्या धोक्यात, २.६.०मध्ये दुरुस्ती. आणि ही दुरुस्ती लगेच उपलब्धही होती.

तरीही फेडोरावाल्यांना ती कित्येक महिने मिळाली नाही. दुरुस्तीचा कोड होता, पॅकेज बनवणारी माणसं होती, पण शेवटचा टप्पा सिस्कोच्या हातात आणि गाडी तिथे अडकली. एरवी असं भोक निघालं तर पॅकेजर एका संध्याकाळी नवं पॅकेज बनवून मोकळा होतो. इथे तो हात बांधून बसलेला, कारण स्वतःच्या भांडारात टाकलं की पेटंटचं छत्र गेलं.

२०१९ आणि २०२५ ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की फरक कळतो. पहिल्यात जुन्या आवृत्तीकडे बघायला कोणी नव्हतं. दुसऱ्यात बघणारे होते, पण मार्गच दुसऱ्याच्या अंगणातून जात होता. तुमच्या-आमच्यासाठी परिणाम मात्र एकच, मशीनवर जुनं भोक तसंच. आणि दोन्ही वेळा 'सिस्टिम अप टु डेट आहे' असंच स्क्रीनवर दिसत होतं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. अप टु डेट म्हणजे डिस्ट्रोच्या भांडारात जे आहे त्याच्याशी बरोबरी, एवढंच. भांडारच मागे असेल तर ती हिरवी खूण काही सांगत नाही.

मग मधला माणूस नकोच का?

असं म्हणायचा मोह होतो. पण २०२२ साल आठवा. त्या वर्षी भारतात व्हिडिओलॅनची साइट बंद झाली होती. ना कारण जाहीर, ना आदेशाची प्रत. एप्रिलमध्ये सिमँटेकने एका हॅकर टोळीबद्दल अहवाल दिला होता की ती व्हीएलसीच्या आडून आपली फाइल चालवते. त्याच्याशी बंदीचा संबंध असेल अशी चर्चा झाली. शेवटी ऑक्टोबरमध्ये व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये साइट पुन्हा सुरू झाली.

या काळात विंडोजवाल्यांनी काय केलं असेल? गुगलवर शोधलं असेल, आणि समोर आलेल्या कुठल्या तरी 'फ्री डाउनलोड' साइटवरून काय मिळेल ते घेतलं असेल. म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली खऱ्या साइटचा रस्ता बंद आणि भामट्यांचा मोकळा. लिनक्सवाल्याला मात्र या बंदीचा पत्ताही लागला नसेल. डेबियन किंवा उबुंटूचं भांडार व्हिडिओलॅनच्या साइटवर अवलंबून नाही, त्याच्या प्रती जगभरच्या सर्व्हर्सवर असतात आणि प्रत्येक पॅकेज सहीशी ताडून मगच टाकलं जातं. लेखकाच्या दारात कुलूप लागलं तरी माल मिळत राहतो, तो या मधल्या माणसामुळेच.

कायद्याच्या कचाट्यातूनही हा माणूस कधीकधी भन्नाट वाट काढतो. डीव्हीडीचं कुलूप उघडणारी 'लिबडीव्हीडीसीएसएस' ही लायब्ररी डेबियन आपल्या भांडारात ठेवत नाही. पण 'लिबडीव्हीडी-पीकेजी' नावाचं एक पॅकेज ठेवतं. ते टाकलं की ते व्हिडिओलॅनकडून सोर्स उतरवतं आणि तुमच्याच मशीनवर कंपाइल करतं. म्हणजे तयार मसाला विकायचा नाही. मिरच्या-धणे आणून द्यायचे आणि तुमच्याच डंकावर कुटून द्यायचे.

पण हाच माणूस मूळ लेखकाला डोईजड कधी होतो, ते फेब्रुवारी २०२५च्या भांडणात दिसलं. प्लेअरचं नाही, पण त्याच्या चुलत भावाचं: स्क्रीन रेकॉर्डिंग आणि लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी वापरतात तो ओबीएस स्टुडिओ. ओबीएसची टीम स्वतः फ्लॅटहबवर आपलं अधिकृत फ्लॅटपॅक देते. फेडोरानेही स्वतःचं फ्लॅटपॅक बनवलं होतं, आणि फेडोराच्या सॉफ्टवेअर स्टोअरमध्ये शोधलं की पहिल्यांदा हे फेडोरावालंच यायचं. त्यात गोष्टी मोडलेल्या होत्या. लोक चिडून तक्रारी करायचे ते ओबीएसकडे, कारण नाव ओबीएस, चिन्ह ओबीएसचं. ओबीएसने काढून टाका म्हणून विनंती केली, चर्चा रेंगाळली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी थेट सांगितलं की आमचं नाव आणि चिन्ह हटवा, नाहीतर कायदेशीर कारवाई करू. खुल्या सॉफ्टवेअरच्या जगात ही भाषा सहसा ऐकू येत नाही. मग दोन्ही बाजू बोलल्या, धमकी मागे घेतली गेली आणि फेडोराने आपलं पॅकेज निवृत्त केलं.

फेडोराचीही बाजू होती, ती नुसती आडमुठी नव्हती. ओबीएसचं अधिकृत फ्लॅटपॅक ज्या रनटाइमवर उभं होतं त्याची मुदत संपलेली होती, म्हणजे त्याला सुरक्षा अपडेट्स येणार नव्हती. ओबीएसचं म्हणणं, क्यूटीच्या नव्या आवृत्तीत आमच्यासाठी बिघाड आहेत, ते निस्तरेपर्यंत जुनीच बरी. म्हणजे वाद पुन्हा त्याच जागी आला: लेखकाला प्रोग्राम नीट चाललेला हवा, डिस्ट्रोला भोकं बुजवलेली हवीत. फ्लॅटपॅक आणि स्नॅप आल्यावर मधला माणूस नाहीसा होईल असं काहींना वाटत होतं. तो झाला नाही, फक्त त्याचे काही त्रास लेखकाच्या गळ्यात आले. सोबतच्या लायब्रऱ्यांकडे कोणीतरी बघत राहायलाच लागतं.

माझं मत सांगतो. पॅकेजरने पॅच लावावा, तुकडे पाडावेत, पेटंटला भिऊन प्लगिन वगळावं, तो त्याचा हक्क आहे. लायसन्स त्याला तो देतं. पण हे केल्यावर पॅकेजच्या पाटीवर ते ठळक दिसायला हवं. 'हा व्हीएलसी फेडोराने बनवलाय, यात एच.२६५ नाही, तक्रार इथे करा', एवढी एक ओळ स्टोअरमध्ये नाव आणि चिन्हाखाली असती तर ओबीएसचं भांडण धमकीपर्यंत गेलं नसतं. तसंच, 'अप टु डेट' लिहिताना 'या पॅकेजमध्ये एक माहीत असलेलं भोक अजून उघडं आहे' हेही लिहायला काही हरकत नाही. डेबियन अशा उघड्या भोकांची यादी पॅकेजनिहाय आपल्या सिक्युरिटी ट्रॅकरवर सगळ्यांना दाखवतं. ती माहिती अपडेटच्या खिडकीत का येऊ नये?

ते होईल तेव्हा होईल. तोवर स्वतःच्या मशीनवर पाच मिनिटं घालवा. उबुंटू किंवा डेबियनवर टर्मिनल उघडून 'ॲप्ट पॉलिसी व्हीएलसी' टाकलंत की आवृत्ती आणि ती भांडाराच्या कुठल्या भागातून आली ते दिसतं. तिथे 'युनिव्हर्स' दिसलं आणि मशीन दोन-तीन वर्षं जुन्या उबुंटूवर असेल तर एकतर उबुंटू प्रो जोडा, नाहीतर व्हीएलसीचा स्नॅप घ्या. तो व्हिडिओलॅन स्वतः प्रसिद्ध करतं. फेडोरावर 'डीएनएफ इन्फो ओपनएच२६४' करून आवृत्ती २.६.० किंवा पुढची आहे ना ते बघा. आर्चवर अपडेटनंतर काही चालेनासं झालं तर आधी ऐच्छिक पॅकेजेसची यादी वाचा, मग व्हीएलसीला नावं ठेवा. आणि तक्रार नोंदवायची वेळ आलीच तर ती आधी डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरवर करा, सोबत पॅकेजचा पूर्ण आवृत्ती क्रमांक द्या, शेवटच्या डॅशनंतरच्या आकड्यासकट. तो शेवटचा आकडा पॅकेजरचा असतो.